डावा कान

गंगावेशीत रंगराव टिपुगडे
मान धरायचा, म्हणायचा, "हलू नगंस."
एवढाच संवाद.
फुटक्या कानांचे पैलवान
नंबर मोडून माझ्या आधी बसायचे.
एकदा रक्त आलं.
तुरटी फिरवत म्हणाला, "हललास."

आता राजारामपुरीत, एसीत
त्याचा नातू विचारतो, "सर, फेड लो की मिड?"
मोबाइलवर दहा डोकी दाखवतो,
त्यातलं एकही माझं नाही.
मान मागं टाकून कोमट पाण्यात
डोळे मिटतो.
खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

मशीन डाव्या कानामागं येतं, थबकतं,
जुन्या खोकेला वळसा घालतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आज्यानं. जाताना म्हणला,
सरनोबतांचं पोरगं हललं न्हवतं."