उगवणक्षमता

तेरा एप्रिल, डंडी. खिडकीच्या फळीवर
दह्याच्या रिकाम्या डब्यांत बावीस घेवडे.
अठरा दिवस झाले. माती जशीच्या तशी,
वाढप्याची वाट बघत बसलेल्या पंगतीसारखी.

शेजारच्या मॉरागनं बोट खुपसलं, थेट दुसऱ्या पेरापर्यंत.
"गार आहे," म्हणाली. जॅमच्या कारखान्यात
जन्मभर पाक तपासलेलं बोट ते,
त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.
मग डबे रेडिएटरवर, खाली जुना टॉवेल.
आणखी नऊ दिवस.

खोल गेले असतील. पाणी जास्त झालं असेल.
एक उकरून पाहिला तर बोटांत पिचकला,
आत नुसती खीर, आणि असा वास
की खिडकी उघडावी लागली;
खिडकी उघडली तर टे नदीवरचा वारा
रेडिएटरची सगळी मेहनत उचलून घेऊन गेला.

उरलेले दहा ओल्या कागदी रुमालात गुंडाळले,
पिशवीत घातले, वर तारीख लिहिली.
शाळेच्या प्रयोगशाळेतून आले की
कोटही न काढता आधी तेच उलगडायचं.
दहापैकी शून्य.
मुलांना मी सांगते, शून्य हेही उत्तर असतं.
घरी तसं वाटत नाही.

शेवटी देवरुखला सरूवन्संना फोन.
"बी जुनं होतं का हो?"
"छे गं, यंदाचंच! एकेक टपोरं निवडलेलं.
आणि एवढ्या लांब जायचं, वाटेत सोंडे पडू नयेत
म्हणून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं
छान फिरवून घेतलं.
एक तरी किडका निघाला का?"

"नाही," म्हटलं. "एकही नाही."

मग गुडघ्यांचं झालं, सिलिंडरचं झालं.
मी हूं हूं करत रुमाल उलगडून बसलेले,
समोर दहा बिया, लख्ख,
एकीलाही डाग नाही.

मे संपता संपता मॉरागनं तिचे रनर बीन्स दिले
मूठभर, जांभळे, काळ्या ठिपक्यांचे.
आठव्या दिवशी डब्यातली माती
कुणी खांदा उडवावा तशी उचलली गेली.

जुलैत फोटो पाठवला. वेल कुंपणापलीकडे गेलेली.
खाली काही लिहिलं नाही.

"आला ना!" लगेच उत्तर. "पानावरूनच ओळखला.
फूल मात्र आपल्याकडे पांढरं यायचं.
तिकडच्या पाण्यानं लाल झालं असेल."

हात पुसले आणि लिहिलं,
इथलं पाणी फार हलकं आहे हो, वन्सं.
एवढं तरी खरं होतं.