एका भेटीत एकच तक्रार

डॉक्टर मरडॉक गेले. म्हणजे वारले नाहीत,
निवृत्त झाले, हॅलिफॅक्सला लेकीकडे,
सप्टेंबरात सगळ्यांना एकच छापील पत्र पाठवून.
एकतीस वर्षांची माझी फाइल
कुठल्याशा कपाटात, आणि मी यादीत.

दोन वर्षं दुखणं अंगावर काढलं.
केप ब्रेटनच्या या टोकाला सगळेच काढतात,
सुएत वारा सुटला की खिडक्यांना फळ्या ठोकून
तो थांबेपर्यंत पत्ते खेळतात, तसं.
प्लासीदने तर दाढ स्वतःच उपटली, पकडीने.
फुशारकी अजून मारतो,
डावीकडून चावता येत नाही तेवढं सांगत नाही.

मार्चमध्ये फोन आला: दोघांतून एक निवडा.
एक डॉक्टर, सव्वा तासावर, डोंगर ओलांडून.
दुसरी डॉक्टर नाहीच, नर्स-प्रॅक्टिशनर,
चर्चमागच्या क्लिनिकात, मंगळवार-गुरुवार.
दोघांना एकेकदा बघून ठरवू का, मी विचारलं.
पलीकडची बाई हसली. मग म्हणाली, बघा.

प्लासीद म्हणाला, यात बघायचं काय?
डॉक्टर तो डॉक्टर.
बोट विकत घेताना हाच माणूस
सोळा वेळा तिच्या तळाखाली वाकून आला होता.

शेवंडांच्या पावतीमागे मी लिहून काढलं:
उजव्या कानात दडा.
टाच, सकाळी पहिलं पाऊल टाकताना, मग नाही.
बोटं. (फॅक्टरीत बावीस वर्षं शेवंडं सोलली,
बोटांचं काय सांगायचं.)
जेवल्यावर घशाशी येतं.
रात्री तीनला जाग.
त्याखाली एक ओळ लिहिली, आणि खोडली.

डोंगरापलीकडे भिंतीवर पाटी होती:
एका भेटीत एकच तक्रार.
डॉक्टर तरुण, नखं स्वच्छ.
किती दुखतं, दहापैकी? म्हणाले. मी चार म्हटलं,
का ते मलाही माहीत नाही.
कान मात्र छान तपासला, खोटं कशाला बोलू,
थेंब दिले, तिसऱ्या दिवशी दडा सुटला.
पण परतताना घाटात मी हिशेब केला:
या गतीने टाच जूनमध्ये, बोटं हिवाळ्यात,
झोपेपर्यंत पोचायला मला सत्तरी उजाडेल.

नर्स म्हणजे देवोंची मिरेय.
सात वर्षांची असताना आमच्या परसातला रूबार्ब चोरायची.
पावती तिने हातात घेतली,
चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली,
म्हणाली, जोडे काढा.
मोज्याला भोक होतं. एकतीस वर्षांत
मरडॉकनीसुद्धा माझी पावलं पाहिली नव्हती.
टाचेत अंगठा रुतवून विचारलं, इथे?
मी जे ओरडले
ते चर्चच्या इतक्या जवळ ओरडण्यासारखं नव्हतं.
मग बोटं. ठणका की कळ? चमक येते की मुंग्या?
आमच्याच फ्रेंचमध्ये, माझी आई विचारायची त्या शब्दांत.
आकडा एकही नाही.

बारा मिनिटं. तेरा. बाहेर कुणी खोकलं.
मी कोट घातला, दाराची मूठ धरली.
तिने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. हे काय होतं?
काही नाही, मी म्हटलं.
ती उठली नाही.
वाऱ्याने बाहेरची पाटी कुरकुरत होती.

रेमी, मी म्हटलं. धाकटा. फोर्ट मॅकमरीला, तेलाच्या कामावर.
ऑक्टोबरपासून फोन नाही.
त्याला माझ्याकडे औषध नाही, मिरेय म्हणाली.
पण लिहून घेतलं, टाचेच्या खाली, त्याच पेनाने.

घरी प्लासीदने विचारलं, मग? खरी डॉक्टर नाही ना ती?
मी म्हटलं, नाही.
आणि गुरुवारी सव्वादहाला तुझी वेळ घेतली आहे.
दात तिच्याकडे येत नाहीत,
बाकीचा तू येतोस.