कुसुंबा ते गोंदूर

नकाशावर पट्टी ठेवून टॉवरमधले सोनार साहेब म्हणाले,
नव्वदेक किलोमीटर. सरळ.
छोटं विमान वीस मिनिटांत टेकेल.

मी इथं धावपट्टीकडेचं गवत कापतो,
टिटव्या हाकलतो,
वाऱ्याची पिशवी उसवली की बाजारातून शिवून आणतो.
तिकडे गोंदूरला, दुसऱ्या धावपट्टीच्या कुंपणाला लागून
कोकिळाचं सासर.

वीस मिनिटं.
म्हणजे कळण्याच्या दोन भाकरी
थापून, भाजून, ठेच्यासकट पुढ्यात येईस्तोवर.

पण तसं विमान नाहीच.
आहे ती एरंडोल-पारोळ्याची एस.टी.,
अडीच तास, टायर धड असले तर.
आणि त्याच्याही आधी सहा वर्षं,
आईच्या चांदीच्या कड्यांवरून
मीच बोलून बसलेलो.

परवा एक शिकाऊ वैमानिक पोरगी विचारत होती,
काका, गोंदूर वरून ओळखायचं कसं?
म्हटलं, पांझरा ओलांड.
कुंपणालगत एका पत्र्यावर मिरच्या वाळत असतील, लालभडक.
तिथं जरा खाली ये.

तुम्ही गेलाय वाटतं?

वाऱ्याच्या पिशवीचं शेपूट
धुळ्याकडे होतं.
मी गवताचं यंत्र सुरू केलं.