नऊ नंबर

सोमवारी सकाळी तंबू परत येतात.
निनाद राऊळ जिन्यातच टाकतो सगळं,
ऑफिसला उशीर झालाय, मोजून घ्या काकू, म्हणतो,
आणि इस्त्रीच्या पॅन्टीत
एकेक पायरी आडवा होऊन उतरतो.

मी मोजते.
पाच तंबू, झोपायच्या पिशव्या बारा, विजेऱ्या सहा,
एक पातेलं. त्याच्या बुडाशी
कुलंगवरची खिचडी अजून कुलंगवरच आहे.

दोन खेपांत गच्चीवर नेते.
मुलुंडची गच्ची. समोर येऊरचा डोंगर,
मधे टॉवर उठलेत, त्यांच्या फटीतून
उरलाय तेवढा.
तंबू उलटे करून झटकते:
वाळकं गवत, शेंगदाण्याची टरफलं,
केसांची एक क्लिप, आणि एक मुंगळा,
जो एवढा प्रवास करून
पाण्याच्या टाकीवर सरळ चालायला लागतो,
पत्ता विचारून आल्यासारखा.

कुसळं झटकून जात नाहीत.
चष्मा लावून, भुवयांचा चिमटा घेऊन बसावं लागतं.
कुसळाला पुढेच सरकता येतं,
मागे खेचलं तर मोडतं.
निम्मी दुपार त्यात जाते.

पिशव्यांवर नेलपॉलिशने नंबर घातलेत मी.
चार नंबरला बामचा वास.
सातला धूर.
अकराची चेन आतून ओढून तोडलेली:
कुणीतरी बिबट्या म्हणालं असणार,
मग सगळे हसले असणार, जरा उशिरा.
दोन आणि तीन एकमेकींना जोडलेल्या.
त्या सोडवताना मी उगाच इकडेतिकडे बघते.
गच्चीत कुणी नाही.

नऊ नंबर जशीच्या तशी.
मी डावखुरी, माझी गाठ दुसऱ्याला मारता येत नाही.
ती माझीच गाठ होती.
सोडून नाकाला लावली. डांबराच्या गोळ्या.
माझं कपाट.

निनादला फोन केला.
सगळे झोपले की काकू, मीच शेवटी झोपलो.
मग त्याला कुणीतरी मीटिंगला बोलावलं.

बुधवारी एक गृहस्थ आले, चष्म्याचं घर राहिलं म्हणून.
सलीम मुकादम, अकाउंट्स, पन्नाशी उलटलेली.
घर तीन नंबरच्या तंबूच्या कोपऱ्यात सापडलं होतं.
चहा टाकला. मी विचारलं नाही,
त्यांनीच सांगितलं, कपाकडे बघत:
घोरतो हो मी.
सगळी पोरं आमच्यातली, कुणाची ओळख नुकती झालेली.
म्हटलं, बसू बाहेर.
टाक्याकाठी दगड होता, दिवसभर तापलेला,
रात्री दहापर्यंत गरम राहिला.
मग?
मग काही नाही. थंडी.
पश्चिमेला आभाळाच्या बुडाशी पिवळट डाग होता एक.
कसारा असेल. मी मुंबई धरली.
चौतीस वर्षं राहतोय, पण ती
एका अंगठ्याखाली मावते, हे कधी कळलं नव्हतं.
झाकून बघितली.
बशीत थोडा चहा सांडला, तो त्यांनी बोटाने पुसला.
दोनदा झाकून बघितली.

न वापरलेल्या पिशवीचे साठ रुपये
मी परत द्यायला लागले, तर नको म्हणाले.
वापरली की. रात्रभर मांडीवर होती.

हा धंदा दिराने काढलेला, तो पुण्याला गेला,
सामान माझ्या कपाटात राहिलं.
मी स्वतः
ह्या गच्चीच्या वर कधी काही चढलेली नाही.

आज फोन आला, शनिवारसाठी चौदा पिशव्या.
मुलीचा आवाज, मागे कुकरच्या शिट्ट्या.
वर थंडी किती असते हो, काकू?
कानाला बांध काहीतरी, म्हटलं, मोजे दोन घे.
आणि टाक्याकाठी दगड असतो बघ मोठा,
दहापर्यंत गरम राहतो.
बरं म्हणाली. लिहूनही घेतलं असावं,
मधे थोडा वेळ नुसत्याच शिट्ट्या.

कुठल्या डोंगरावर चाललीस,
ते विचारायचं राहूनच गेलं.