शेपटाची गल्ली

चौबाऱ्यामागच्या टाकीवर मी व्हॉलमन.
उदगीरला आमच्या भागात नवव्या दिवशी पाणी, पाऊण तास.
खांद्यावर लोखंडी चावी, खिशात गल्ल्यांची यादी,
आणि दिवाळीपासून
रात्री जेवल्यावर एक पांढरी गोळी.

त्याआधी, अश्विनात,
व्हॉल उघडा ठेवून चेंबरच्या कडेला बसून राहिलो होतो
टाकी रिकामी होईस्तोवर.
अनसूया शोधत आली. काय करायलाव, म्हणाली.
मला सांगता आलं नाही.

निटुरे डॉक्टरीणबाईंनी पॅडच्या पाठीमागं चित्र काढलं:
दोन पेशी, मधे फट.
इकडची निरोप सोडते, तिकडची पिते,
उरलंसुरलं इकडचीच परत ओढून घेते.
गोळी त्या ओढीला अडवते. निरोप फटीत जरा जास्त थांबतो.
मी म्हणालो, म्हणजे एनआरव्ही.
ते काय असतं, हे बाईंना मी समजावून सांगितलं.

मग माझ्यात पाणी कमी पडलं होतं का?
तसं कुणी मोजलेलं नाही, म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं, पोटात ढवळ,
झोपेचे तुकडे.
तत्तापुरे मेडिकलवाले म्हणाले, मधेच सोडू नका.
अनसूया पाकिटातली रिकामी भोकं बोटानं मोजायची.

शेवटच्या गल्लीतून दर पाळीला खैरुनबीचा फोन:
व्हॉल खोले क्या? नल में खाली हवाच आ रई!
नळ फुसफुसतो, खोकतो, मग गंजाचं लाल पाणी.
मी सांगतो, हवा आली न्हवं?
तोटी बंद करू नका.
वीस वर्षं हेच सांगतोय.
आता शेपटाच्या घरात मीच.

फट तर घटकेत भरते, मग महिना कशाला?
बाई म्हणाल्या, पेशी सावकाश बदलत असाव्यात.
पुरतं कळलेलं नाही.
तेवढ्यानं विश्वास बसला.
निजामाच्या वेळची लाइन कुठं वळते
हे मलाही माहीत नाही,
तरी चावी फिरवतो.

पाचवा आठवडा, पहाटेचे चार.
बावीस फेरे मोजले, मधे आकडा सुटला नाही.
आनंद वगैरे काही नाही.
घरी येऊन चहा तोंडाला लावला अन् म्हणालो,
साखर विसरलीस.
अनसूया गाळणी हातात धरून तशीच उभी.
म्हणाली,
दसऱ्यापासून घालतच नाही मी.