लेट फी

कॉलेजचं पत्र आलं : माजी विद्यार्थ्यांनी योगदान द्यावं.
खाली तीन चौकटी. देणगी. व्याख्यान. नोकरीच्या संधी.
माझ्याकडे मार्केट यार्डातला कांदा-बटाट्याचा एक गाळा,
तोही मालकाचा, माझा फक्त हिशेब.
व्याख्यान देऊ कशावर? तोलाई, हमाली, सडका माल?
तिन्ही चौकटी कोऱ्या सोडून
तळाच्या रेघेवर लिहिलं :
शनिवारी गाळा बंद असतो.
साडेसहाला येईन. फॉर्म भरायला बसेन.

जिन्याखालचं टेबल मिळालं.
त्याचा एक पाय आखूड,
खाली कुणाची तरी प्रश्नपत्रिका, आठ घड्या घालून.
टिंबर मार्केटचा भुसा अजून वाऱ्यावर येतो,
आमच्या वेळी वहीवर बसायचा,
आधी फुंकर, मग उत्तर.

पहिल्या शनिवारी कुणी नाही.
यल्लाप्पा शिपाई दोनदा विचारून गेला, पंखा लावू का?
दुसऱ्या शनिवारी एक जण पेन मागायला आला
आणि पेन घेऊन गेला.
तिसऱ्या शनिवारी झुलेखा.
दाखल्यावर शिकलगार, आधारवर शिकिलगर,
बँकेत नुसतीच झेड. एस.
तिघींपैकी शिष्यवृत्ती कुणाची, हे संगणकाला कळेना.
चार शनिवार लागले तिला एकच मुलगी करायला.

गोरक्ष दिवसभर पार्सलं पोचवतो,
वर्गात बसला की डोळे मिटतात.
मी मॅनेजर झाले, खुर्ची मागे सरकवली,
विचारलं, तुमची कमजोरी काय?
म्हणाला, मागचा ब्रेक.
हसून हसून आमचं मुलाखतीचं वाटोळं झालं.
पण नंतर तो थांबला. हेल्मेट हातात फिरवत.
मॅडम, लागलीच नोकरी,
तर पहिल्या दिवशी डबा कुठे बसून खायचा?

याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
पहिले अकरा दिवस
मी बटाट्याच्या पोत्यांमागे उभ्यानं खाल्लं,
सगळ्यांना सांगत राहिले, आज उपास.

तेव्हाचंच अजून एक.
शेवटच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म राहिला,
लेट फी एकशे अठ्ठ्याण्णव.
चंद्रभान लोणकर माझ्या दोन वर्षं पुढचा,
पास होऊन झेरॉक्सच्या दुकानात लागलेला.
त्यानं गल्ल्यातून काढून भरले, काही न बोलता.
पहिल्या पगाराला मी दोनशे घेऊन गेले.
वाटलं होतं, म्हणेल, राहू दे.
त्यानं घेतले. उजेडात धरून पाहिले.
दोन रुपये परत दिले.
त्या दोन रुपयांनी मला जेवढं ताठ केलं
तेवढं पदवीनं केलं नाही.

म्हणून माझ्या वहीतही आता एक पान आहे.
झुलेखा, नावे दीडशे. जमा पन्नास.
गोरक्ष, नावे, ब्रेकची केबल.
मागत नाही. पण पुसतही नाही.
प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुमचं मोठं कार्य.
मी म्हटलं, सर, टेबलाचा पाय तेवढा बघा.
अजून बघितलेला नाही.

गोरक्षला मी काय सांगितलं?
सांगितलं, पहिल्या दिवशी पाण्याची टाकी शोध.
बाटली भरायला सगळे तिथेच येतात.
तू हळू भर.

सोमवारी दुपारी, लिलावाच्या गलक्यात,
फोन थरथरला :
टाकी बंद आहे मॅडम.
मग, बराच वेळ गेल्यावर,
मी चाळीस गोण्यांची पट्टी लिहीत असताना :
पायऱ्यांवर बसलो. तिघं आहेत.
एकाकडे ठेचा आहे.