बोट

आठवड्यातून दोनदा बोट येते आमच्या बेटावर.
मंगळवारच्या बोटीतून पत्र्याची ट्रंक उतरली:
आत बारा टॅब, एक सौरपॅनल
आणि कंपालाहून आलेला छापील कागद,
'मुलांच्या शिक्षणातली गळती भरून काढावी.'
गळती म्हटलं की इथे माणूस आधी नावेचा तळ बघतो.
मीही बघितला.

जवळजवळ दोन वर्षं शाळा बंद होती.
मी सरोवरापलीकडे मोटारसायकलवर माणसं वाहिली,
कोळशाची पोती वाहिली,
आणि एकदा, सांगू नये पण सांगतो,
आमच्याच शाळेचे चार बाक वाहिले,
मासे धुरावणाऱ्या एका बाईने सरपणाला घेतलेले.
एकावर कुणीतरी तेराचा पाढा कोरला होता,
तेरा सत्तेपर्यंत.
भाडं ठरल्याप्रमाणे घेतलं.

परत आलो तर खडू धरवेना.
बोटं क्लचवर असल्यासारखी वळायची.

नाबुकालू सगळ्यांत शेवटी आली,
पाठीला बांधलेलं सात महिन्यांचं बाळ घेऊन.
दोन वर्षं ती मुकेने वाळवत होती,
करंगळीएवढे चंदेरी मासे,
खडकावर पसरायचे, पालथे करायचे,
ढग आले की गोळा करायचे.
हजेरीपटावर ती सहावीत.
टॅबने पाच प्रश्न विचारले आणि तिला दुसरीत बसवलं.
ती काही बोलली नाही.
बाळाची गाठ तेवढी घट्ट केली.

तेही चाललं असतं.
पण टॅब तिचं बोट ओळखेना.
दाबलं, काही नाही.
थुंकी लावून दाबलं, काही नाही.
मिठाने, खवल्यांनी, उन्हाने
टोकं घट्टे पडून लाकूड झालेली.
तर्जनी झाली, अंगठा झाला, करंगळी झाली,
दारात एकेक नातलग पुढे करावा ओळख पटवायला, तशी.
आणि आतून बाईचा आवाज, आमच्याच लुगांडात,
"पुन्हा प्रयत्न कर."
दर खेपेला तितकाच मऊ.
चौदा वर्षांच्या नोकरीत
मी इतक्या हळू एकदाही म्हणालो नव्हतो.
आधी टॅबचा राग आला, मग माझा.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात आला,
लोण्याचा,
आणि काचेवर थप्पकन आपटला.
हिरवं झालं. एक तारा पडला.
वर्ग खिदळला. नाबुकालूही हसली,
या सत्रात पहिल्यांदाच.
मग तिने ते इवलं बोट चिमटीत धरलं,
पेन्सिल धरावी तसं,
आणि अक्षरं ओढून शब्द जुळवू लागली.
मासा. जाळं. वल्हं.
बाळ मध्येच बोट तोंडात घालायचं,
मग पुसून पुन्हा.

सफरचंदांच्या वजाबाकीपाशी गाडी अडली.
सफरचंद इथे कुणी बघितलंय?
मी म्हणालो, मुकेनेच्या बादल्या समज.
बादल्या म्हटल्यावर
तिचं उत्तर टॅबच्या आधी आलं,
वर व्यापारी दर बादलीमागे किती मारतो
तेही, तोंडी.
टॅबला त्याचे गुण देता आले नाहीत.

संध्याकाळी सरोवरातून माश्या उठतात,
धुराच्या लोटासारख्या, उजेड दिसेल तिथे बसतात.
मी खिडकीला चादर लावतो,
ट्रंकेला कुलूप घालण्याआधी एक टॅब बाहेर ठेवतो.
नाव लिहितो: पाहुणा.
अपूर्णांकांचा भागाकार. तीनदा चुकलो.
"पुन्हा प्रयत्न कर."
हो, बाई.

आता नाबुकालू तिसरीत पोचली आहे,
असं टॅब म्हणतो. हजेरीपट अजून सहावीवर अडून आहे.
बाळाच्या नावावर एकशे बारा तारे जमले आहेत,
त्याला कुठल्या इयत्तेत धरायचं
हे छापील कागदावर कुठेच नाही.
शुक्रवारच्या बोटीने विचारणा पाठवली आहे.